गुंडाळून ठेवलेली वायर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींना त्यांचे यजमान, म्हणजे काका, 'वायरमन' म्हणतात. मावशींनी उभी हयात लॉन्ड्रीत इस्त्री केली. प्लग काढल्याशिवाय दुकान सोडायचं नाही, हे अंगवळणी पडलं. अजूनही घरातून निघताना त्या टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर, सगळ्यांच्या वायरी काढतात. काढता येतील त्या गुंडाळून ठेवतात.

काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून काकांनी रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. 'पाणी दे.' 'कोण आलंय?' 'पोरांनो, गोंगाट कमी.' आता ते कॉम्प्युटरचं बटण दाबतात आणि त्यांचाच आवाज बोलतो. दोघं काही दिवस इथे राहतात, काही दिवस लेकीकडे. जावयाने दोन्ही घरचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून जोडून दिले. इकडे बदललं की तिकडे आपोआप बदलतं.

"आई, निघताना इंटरनेटची वायर तेवढी राहू द्या," जावई दर वेळी सांगायचा.

"बरं," मावशी म्हणायच्या. आणि काढायच्या.

परवा दोघं लेकीकडे असताना तिचा मला फोन आला. कॉम्प्युटरवर जागा उरली नव्हती. बाबांचं फोल्डर त्यांच्या घरी आहेच, असं धरून तिने स्वतःकडचं पुसून टाकलं. अगदी मुळापासून. मग नवरा म्हणाला, इथलं पुसलं की तिथलंही पुसलं जातं. दुसरीकडे कुठेच काही ठेवलेलं नव्हतं.

मागून मावशी विचारत होत्या, "मी वायर काढली म्हणून तर नाही ना गेलं? विचार तिला."

त्यांची एक किल्ली माझ्याकडे असते. मी खाली गेले. टेबलावर इंटरनेटची वायर होती. नीट गुंडाळलेली, वर रबर लावलेलं. तिला मी हात लावला नाही. फक्त विजेचा प्लग लावला. फोल्डर उघडलं.

सगळी वाक्यं जागच्या जागी होती. पुसल्याची खबर इथवर पोचलीच नव्हती.

मी खुर्चीत बसून राहिले. त्या रबराचे मनोमन आभार मानले.

पेन ड्राइव्हवर सगळं घेऊन लेकीकडे गेले. जावयाने ते कॉम्प्युटरवर चढवलं.

"आई, यापुढे वायर काढत जा," तो म्हणाला.

"तुमच्या परवानगीसाठीच थांबले होते हो मी."

काकांनी माझा हात घट्ट धरला. मी मावशींकडे बोट दाखवलं. ते हसले. मग कॉम्प्युटरसमोर बसून बराच वेळ शोधत राहिले. एक बटण दाबलं.

'वायरमन, चहा टाक.'

लेक डोळे पुसत उठली. मावशींनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू बस. मला सांगितलंय त्यांनी."