देवीच्या दारात बंद पडलेली गाडी

देवावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या जागी उभं राहून बघावं. यजमानांची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आम्ही आठवड्यातून दोनदा दिवेआगरहून अलिबागला डायलिसिसला जातो. दिघीला गाडी फेरीबोटीत घालायची, आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूड ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे. गाडी मीच चालवते. गुडघे कुरकुरतात म्हणून बिनक्लचची घेतली. वाटेत देवीचं एक लहानसं देऊळ लागतं, तिथे मी थांबले नाही असं कधी झालं नाही. त्या दिवशीही थांबले. खरं तर थांबायला नको होतं, कारण समुद्र खवळून बोट बंद राहिल्यामुळे आधीची खेप चुकली होती. यांच्या अंगात पाणी भरलं होतं, पाय सुजले होते, मागच्या सीटवर उशीला टेकून एकेक शब्द धापा टाकत बोलत होते. आजचीही खेप चुकली तर काय होईल हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. तेच तर देवीला सांगायला मी गेले.

परत येऊन ब्रेक दाबून चावी फिरवली, तर नुसतं ‘टक’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं बाई, तुझ्या पाया पडायला थांबले आणि तुझ्याच दारात अडकवलंस? दुसऱ्या कुणाचं दार नव्हतं? मागून हे म्हणाले, “आईची... इच्छा.” मी म्हटलं, “आईची इच्छा असेल तर तिने तसं स्टार्टरला कळवावं!”

थळला माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. तिथल्या तेलकट जमिनीवर बसून मी पाढे पाठ केलेत. त्यामुळे मला जे दिसत होतं ते सरळ होतं. हॉर्न खणखणीत वाजत होता. दिवे झगझगीत होते आणि चावी फिरवतानाही मंद होत नव्हते. म्हणजे बॅटरी ठीक, दोष स्टार्टरच्या आत. अशा वेळी वडील स्टार्टरच्या अंगावर पान्याने ठोकायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने चावी फिरवायची. आतले घासलेले कार्बन जागेवर बसले तर निदान एकदा तरी गाडी सुरू होते. पण त्याला दोन माणसं लागतात. एक बॉनेटशी आणि एक ब्रेक दाबून चावीशी. यांना मागून उठून पुढे बसण्याचं त्राण नव्हतं.

तोवर बॉनेटभोवती मंडळी जमली होती. नारळवाला म्हणाला, “बॅटरी गेली, काकू.” दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांनी बॉनेटमध्ये डोकं घालून तोच निकाल दिला. मुंबईचा एक पर्यटक केबल घेऊन आला, स्वतःच्या गाडीची बॅटरी माझ्या बॅटरीला जोडली, मला चावी फिरवायला लावली. टक! तर म्हणतो, “मग तुमची बॅटरी अगदीच मेली असणार.” कुणी धक्का मारायला निघाले. बिनक्लचची गाडी धक्क्याने सुरू होत नाही, असं मी दोनदा ओरडून सांगितलं, तरी त्यांनी ती देवळाच्या पायरीपर्यंत ढकलत नेलीच. मी प्रत्येकाला विनवत होते, अहो, कुणीतरी आत बसा आणि मी सांगेन तेव्हा फक्त चावी फिरवा. पण आत बसायला कुणी तयार नाही. सगळ्यांना बॉनेटशीच उभं राहायचं! मला त्यांचा राग आला, देवीचा आला, आणि मागे डोळे मिटून शांतपणे जप करणाऱ्या नवऱ्याचा तर सगळ्यात जास्त आला. रडू फुटेल म्हणून मी दात आवळून धरले होते.

रस्त्यापलीकडे एसटीच्या थांब्यावर बुरखा घातलेली एक वयस्कर बाई उभी होती. ती रस्ता ओलांडून आली, काचेतून यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, “मला गाडीतलं काय समजत न्हाय, बेटा. तू बोलशील तसं करीन.”

एवढंच वाक्य. मी तिला चालकाच्या जागी बसवलं, ब्रेकवर तिचा पाय ठेवून दिला, चावी दाखवली. डिकीतला चाकाचा पाना घेऊन मी बॉनेटमध्ये वाकले. “आता फिरवा!” ती “बिस्मिल्ला” म्हणाली. मी ठोकलं. टक. जरा खाली, पुन्हा ठोकलं, आणि इंजिन घरघरून सुरू झालं. मी पाना टाकून तिचे हात धरले. अलिबागपर्यंत सोडते म्हटलं, पण तिला उलट्या दिशेला, मुरूडला जायचं होतं. “दुवा मागीन तुझ्या घरवाल्यासाठी. आता बंद करू नको हां,” म्हणून ती पुन्हा थांब्यावर जाऊन उभी राहिली. बरंच पुढे गेल्यावर हे मागून म्हणाले, “तिची एसटी... मघाशीच गेली. तू वाकली होतीस तेव्हा.” मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

अलिबागला पोचलो तेव्हा यांची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली असेल अशी माझी खात्री होती. पण आधीच्या पेशंटचंच लांबलं होतं. “काकू, आत्ताच मशीन मोकळं झालं,” सिस्टर म्हणाली. यांना सुई टोचली आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. दर खेपेला तिथे बसून मी देवीला सूचना देत असते. याचं असं कर, त्या डॉक्टरला तशी बुद्धी दे, अमुक औषध लागू पडू दे. त्या दिवशी सुरुवात केली आणि माझं मलाच हसू आलं. इतकी वर्षं मीही बॉनेटशीच उभी होते की! देवीला गाडीतलं कळत नाही असं धरून चालले होते. मग गप्प बसले. काळजी गेली नाही, पण ती एकटीने वाहायची नाही एवढं कळलं. त्या अनोळखी बाईला कुणी पाठवलं, या वादात मी पडत नाही. तिची एसटी आमच्यासाठी गेली, हे मात्र मी विसरणार नाही. त्या माउलीला मनोमन हात जोडले आणि देवीलाही, थोडासा राग शिल्लक ठेवून.

डायलिसिस संपवून हे बाहेर आले. चेहरा उतरलेला, पण डोळे मिश्कील.

“काय काय मागितलंस आज?”

“काही नाही.”

“बरं केलंस. रोज रोज तुझं ऐकून ती बिचारीही दमली असेल, तिला एक दिवस सुट्टी दिलीस.”

हे एवढं लांब वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं.