‘आणि इतर’मधल्या मेंदूबाई

प्रयोगशाळेच्या साहेबाने मेंदूबाईंना फसवलं, आणि त्यासाठी मशीन माझं वापरलं. मला हे माहीत आहे, कारण ते पोस्टर मीच छापलं होतं.

रविवार कारंज्याजवळ माझा छापखाना आहे. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. नामपूरहून रिकाम्या हाताने आलो. जे उभं केलं ते घासाघीस करून. मेंदूबाई उंदरांच्या मेंदूवर संशोधन करायच्या आणि परिषदांची पोस्टरं माझ्याकडून छापून घ्यायच्या. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा चढा दर सांगितला. बाईंनी ‘बरं’ म्हणून पाकीट उघडलं. इतका अपमान माझा कुठल्याच गिऱ्हाइकाने केला नव्हता. शेवटी माझी मीच घासाघीस केली आणि दर उतरवला. बाई बघतच राहिल्या. “भाऊ, हाई काय शे?” मालेगावच्या निघाल्या. ‘शे’ ऐकल्यावर, आपल्याच बोलीचं माणूस म्हणून, मी चहा मागवला.

उंदराला एखाद्या वासाची भीती बसली, तर ती जाते कशी, हा त्यांचा विषय. सांगताना आवाज असा बारीक करायच्या, जणू उंदीर काउंटरखाली बसून ऐकतोय. मी कामगारावर ओरडलो की म्हणायच्या, “भाऊ, डोक्यात बदामाएवढा एक भाग असतो. भीती, राग तिथून उठतात. तुमचा बदाम कायम भाजलेला.” मी हे घरी सांगितलं, ती चूक झाली. तेव्हापासून बायको वाढताना विचारते, “बदाम निवला का?”

चहा पिताना त्या सारख्या मोबाईल बघायच्या. “ब्राझीलच्या एकाने आपले उंदीर घेतले,” म्हणायच्या. म्हणजे त्यांच्या पेपरचा आधार घेऊन कोणी नवा पेपर लिहिला की त्याला यांचं नाव घ्यावं लागतं. जितके जण घेतील तितकं वजन.

“आहेर माइकवरून पुकारतात तसं,” मी म्हटलं.

“अगदी तसं.”

“मग तुमचं नाव जगभर पुकारत असतील.”

बाई हसल्या. “पुकारतात साहेबांचं. पहिलं नाव, मग ‘आणि इतर’, अशी पद्धत आहे. मी इतरांत.”

मी त्याच पेपरचं पोस्टर काढून पुन्हा वाचलं. पहिलं नाव साहेबांचं, दुसरं त्यांच्या भाच्याचं, तिसरं उंदरांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असायची त्याचं. मग बाई. पत्रिकेत ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली असतात, तिथे. नावांच्या क्रमावरून मी सख्खे भाऊ कायमचे तुटलेले पाहिलेत.

“ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं, असा रिवाज नाही का तुमच्यात?”

“आहे.”

“मग भांडला का नाहीत?”

“भाऊ, नाव कुठेही असलं तरी उंदीर तसाच वागतो.”

उंदीर वागला. निवड समिती नाही वागली. कायम नोकरीची मुलाखत झाली, तेव्हा ज्या पेपरचा एवढा बोलबाला, त्यात भाचा वर आणि बाई तळाला. जागा भाच्याला मिळाली. त्याला उंदरांची भीती वाटते, हे मला बाईंनीच सांगितलं होतं.

बाई बंगळूरला निघाल्या, शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीत. जाण्याआधी स्वतःची कार्डं छापायला आल्या. मी म्हटलं, पैसे नकोत. बाईंनी कार्ड वाकवून पाहिलं. “कागद पातळ आहे, भाऊ. फुकटातसुद्धा महाग पडेल. याच्यावर अजून एक गठ्ठा टाका.” आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली, आणि ती माझ्याशी. मी गठ्ठा टाकला. जिथे करायची तिथे केली असती तर, हे काही मी बोललो नाही.

मागच्या आठवड्यात साहेब दुकानात आले, मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासायला. निमंत्रकांत त्यांच्या थोरल्या भावाचं नाव पहिलं होतं, ते त्यांना खाली हवं होतं. “मुलीसाठी राबलो मी. मग पहिलं नाव त्याचं का?”

मी मशीन बंद केलं. “बरोबर बोललात, साहेब. मग उंदरांसाठी राबलं कोण?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तो विषय वेगळा आहे,” म्हणाले आणि प्रूफ न तपासताच निघून गेले.

प्रूफ काउंटरवर पडून आहे. थोरला भाऊ अजून वरच आहे आणि मुहूर्त जवळ येतोय. साहेबांनी यावं, समोर बसावं आणि तो विषय वेगळा कसा, ते मला सांगावं. मशीन त्यानंतर चालू होईल.