सात किलोचे भाऊजी

माझे भाऊजी आनंदराव भोयर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. रिटायर झाल्यावर तपासायला कोणी उरलं नाही, म्हणून आमच्या डोक्यावर बसले. त्यातून चार वेळा विमानात बसले. फक्त चार वेळा, मी मोजलंय! पण बोलणं असं, जसं काही विमान यांनीच शोधलं.

त्यांचा मंत्र एकच. एक छोटी बॅग, सात किलो, बस. "सामान जमा करणारा मग पट्ट्यापाशी उभा राहते, संध्याकाळी म्हशीची वाट पाहावी तसा. आपण उतरलो की थेट बाहेर!" आता थेट बाहेर जाऊन करायचं काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बाहेर कोणतं मंत्रिमंडळ यांच्यासाठी खोळंबलं होतं, देव जाणे.

हुडकेश्वरला आम्हा दोघी बहिणींची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे हे सगळं पाहणं माझ्या नशिबी आलं. टूथब्रशचा दांडा अर्धा कापलेला. साबणाची वडी नाही, चकती. बनियनच्या गुंडाळ्या बुटात कोंबलेल्या. आणि भर मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, अंगात लोकरी कोट! काहून, तर अंगावरचं वजन कोणी करत नाही. कोटाच्या खिशांत चार्जर, चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि एक पायजमा. हो, पायजमा. डाव्या खिशात.

गल्लीतलं कोणीही विमानानं निघालं की बॅग घेऊन यांच्याकडे हजर. ओसरीत हुकाला एक स्प्रिंगचा काटा टांगलेला असे, रिटायर झाले त्या साली इतवारीच्या बाजारातून आणलेला. बॅग त्याला लटकवायची, भाऊजी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचणार, आणि मग ऑपरेशन सुरू. "हे काढा. हेही काढा. याचं काय काम?" समोरच्या महादेवरावांना त्यांनी साडूच्या मुलीच्या लग्नाला, हैदराबादला, एकाच पँटवर पाठवलं. पहिल्याच पंगतीत मांडीवर रस्सा सांडला. बिचारा तीन दिवस प्रत्येक फोटोत मांडीवर रुमाल धरून उभा आहे. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "पण बॅग गेली ना वरती?" असा हा भैताड कारभार!

तर गेल्या मे महिन्यात पायलला मुलगी झाली. पायल म्हणजे भाऊजींची आणि माझ्या कौसल्याताईची एकुलती लेक, पुण्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती इथं माहेरी आली होती. या वेळी डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून सगळं सासरीच झालं. बारसं ठरलं, आणि बारशाला बाळंतविडा न्यायचा तो आजीनंच. ताईनं डिंकाचे लाडू केले, कुंची केली. आमच्या आईची दोन जुनी सुती लुगडी तिनं इतकी वर्षं जपून ठेवली होती. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. त्यांची चार दुपटी शिवली, हातानं, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी.

"पोरीले माझ्या मायच्या लुगड्यात निजवायचं आहे," मला म्हणाली. तिचं मागणं एवढंच होतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी गेले, तर ओसरीत ताईची बॅग काट्याला लटकलेली.

"सव्वानऊ!" भाऊजी ओरडले. "तिकीट फक्त हातातल्या बॅगचं आहे, माहीत आहे ना? काय भरून राहिली वं?" लाडवांचा डबा बाहेर आला. मग कुंची. मग दुपटी. "पुण्यात सारं भेटते."

"मायचं लुगडं भेटते का जी पुण्यात?" ताईनं विचारलं.

"भावनेलेही वजन असते, कौसल्या." हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं असावं, कारण लगेच पुन्हा म्हटलं.

मला राहवलं नाही. "भाऊजी, पायजमा काढा अन् दुपटी घाला ना खिशात!"

"गोपिका, हे शास्त्र आहे. यात चेष्टा चालत नाही."

काटा बरोबर सातवर आला, तेव्हा कुठं त्यांचा जीव थंड झाला. ताईनं दुपटी घडी करून पलंगावर ठेवली, वरून हात फिरवला आणि पदरानं तोंड पुसलं. त्या माणसाला तिथंच काट्याला टांगावं असं वाटलं, खोटं काहून बोलू?

दुपारी मीच दोघांना गाडीनं विमानतळावर सोडलं आणि बाहेर काचेपाशी थांबले. आत काय झालं ते ताईनं मग सांगितलं. काउंटरवरच्या मुलीनं मागितलीही नव्हती, तरी भाऊजींनी आपली बॅग वजनाला ठेवली. कौतुक व्हावं, दुसरं काय!

"चार किलो सहाशे, सर," मुलगी म्हणाली.

भाऊजी हसले. "तुमचा काटा बिघडला, मॅडम. मी या खात्यात निरीक्षक होतो."

बॅग शेजारच्या काट्यावर ठेवली. चार सहाशे. त्याच्या पलीकडच्यावर ठेवली. चार सहाशे. मग ताईची बॅग ठेवली. साडेचार. घरच्या काट्यावर दोन्ही सात भरल्या होत्या! वर्षाच्या वर्षाला काटा तपासून शिक्का मारून घेतला नाही म्हणून ज्यांनी चहापत्तीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांना झापलं, त्यांनी स्वतःचा काटा सहा वर्षांत एकदाही तपासला नव्हता. स्प्रिंग केव्हाच ढिली पडली होती, थोड्या वजनालाही जास्त ताणायची.

ताईनं त्या मुलीला विचारलं, "पोरी, यात अजून अडीच किलो चाललं असतं?"

"हो मावशी, आरामात."

म्हणजे सकाळची बॅग होती तशी गेली असती. लाडू, कुंची, दुपटी, सगळं. आता घरी जाऊन आणायला वेळ उरला नव्हता. ताई भाऊजींकडे वळली.

"तुम्ही जा."

"अन् तू?"

"मी बसनं येते. सामान घेऊन."

"डोकं फिरलं का वं तुझं? तिकीट वाया जाईन!"

ताईनं ऐकून घेतलं, गेटवरच्या जवानाला विनवलं आणि बाहेर आली. "चाल गोपिका, घरी. लाडू राहिले," म्हणाली आणि गाडीत बसल्यावर ढसाढसा रडली. मीही रडले. पण माय वं, रडता रडता मला हसूही येऊन राहिलं होतं.

संध्याकाळी मी तिला पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवलं. तीन मोठ्या पिशव्या. दुपटी, लाडू, कुंची, वरून लिंबाचं लोणचं, मूगवड्या आणि एक गोधडी. आता वजन करणारं कोण होतं?

भाऊजी तोवर पुण्यात पोचले होते. पट्ट्यापाशी न थांबता थेट बाहेर, ठरल्याप्रमाणे. पायलनं दार उघडलं, त्यांच्या मागं पाहिलं, जिन्यातही डोकावून आली. ताईनं मुद्दामच फोन केला नव्हता.

"बाबा, आई कुठं आहे?"

"येऊन राहिली. बसनं."

"काहून? तिचंही वजन जास्त भरलं का?"

आत दुसऱ्या दिवशीच्या बारशाला आलेले पाहुणे बसले होते. कोणी हसलं नाही.

सकाळी ताईला घ्यायला जावई रोहित गाडी घेऊन गेला, भाऊजीही सोबत गेले. बस आली, ताई उतरली, क्लीनरनं तिन्ही पिशव्या खाली ठेवल्या. भाऊजी लगबगीनं पुढं झाले.

"दे वं, मी घेतो."

ताईनं दुपट्यांची पिशवी छातीशी धरली. "राहू द्या जी," ती म्हणाली. "जड आहे."