बाहेरून न लागणारं दार

दाराची चौकट, दाराच्या दोन्ही फळ्या, छपराचे वासे, आईची बाज, बायकोचं मुसळ, गोठ्यातली गव्हाण... बाजारकुणंग गावाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर आहे, त्यातलं एवढं सगळं माझ्या हातचं. कुणाकडे शिकायला गेलो नाही. बघितलं, चुकलं, मोडलं, पुन्हा केलं.

त्यात दार माझं सगळ्यात लाडकं. बांधावरच्या फणसाचं लाकूड, आत उघडणाऱ्या दोन फळ्या, बाहेरून कोरलेल्या दोन मुठी, आणि आतून घालायचा आडवा अडसर. दोन फळ्यांच्या मधून पोस्टकार्ड जात नाही. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

बाहेरून मात्र त्याला कडी नाही, कोयंडा नाही... कधी गरजच पडली नाही. माझ्या आईला सगळे अव्वा म्हणतात, आणि अव्वा घरात नाही असा दिवस या घराने बघितलेला नव्हता. कुणाचं लग्न असो, जत्रा असो, तिचं एकच... "तुम्ही जावा, मी हाय."

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रात वादळ उठलं. आमच्याकडून समुद्र दिसत नाही, पण वारा घाट चढून येतो. दुपारी पंचायतीची जीप ओरडत गेली, डोंगराखालच्या घरांनी अंधार पडायच्या आत शाळेत यायचं.

मी म्हटलं, आपण कशाला जायचं? वासे खुंट्यांनी जोडलेत, कौलं तारेनं बांधलीत. हे छप्पर हलायचं नाही.

शांता, माझी बायको, डब्यात तांदूळ भरत होती. मान वर न करता म्हणाली, "घर तुम्ही बांधलासा. डोंगर कुणी बांधलाय?"

मी गुरं सोडायला गेलो.

सगळं आवरलं आणि दारात येऊन थबकलो. हे बंद कसं करायचं? वादळात दार उघडलं तर वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. वासे कितीही पक्के असोत, आतून आलेल्या वाऱ्यापुढे काही खरं नसतं. म्हणजे अडसर हवाच. आणि अडसर घालायचा तर कुणीतरी आत राहायला हवं!

अव्वा बाजेवर बसली, पानाचा डबा उघडला. "तुम्ही जावा, मी हाय."

"आज्जी, हे काय लग्न हाय व्हय?" सुमा ओरडली. ती माझी मुलगी, कॉलेजला सुट्टी म्हणून घरी आलेली.

"मग काय दार उघडं टाकून जाऊ? तुझ्या बापानं सहा म्हैने रंधा मारलाय त्याला."

मी म्हटलं, मी राहतो. दार माझं, अडसर मी घालतो. तुम्ही तिघी निघा.

शांताने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "ऱ्हावा. मग आम्ही बी ऱ्हातो. चौघं मिळून धरूया की अडसर, मध्येच चहा करते मी."

हसू आलं... आणि नाहीही आलं. झाडांचे शेंडे आता एका बाजूला वाकायला लागले होते.

मग शांताच आत गेली आणि मुसळ घेऊन आली. बाहेरून चौकटीवर आडवं धरलं. "हितं बांधा मुठी." बरोबर होतं! मुठी मुसळाला आवळल्या की फळ्या आत जाणारच नाहीत. मी नायलॉनची दोरी गुंडाळली, ओढली... आणि ती सुळकन निसटली. मुठी मीच इतक्या गुळगुळीत घासल्या होत्या की दोरी ठरेना. तीनदा केलं, तीनदा निसटली.

"मी राहतोच," मी पुन्हा म्हटलं.

अव्वाने माझ्याकडे बघितलं. उठली, पेटी उघडली आणि एक सुती लुगडं काढलं, माझ्या लग्नात नेसलेलं. दातात धरून टर्रकन फाडलं. "ह्येनं बांध. भिजलं की आवळतंय."

मी म्हटलं, अव्वा, हे कशाला? तर म्हणते, "तू आत बसल्यावर मी लुगडं नेसून कुठं मिरवू?"

दोन्ही मुठींना दोन गाठी मारल्या. अव्वा उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. तिला असं कधी बघितलंच नव्हतं. दाराला हात लावून हळूच म्हणाली, "येतो हां आम्ही."

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर परतलो. छप्पर जागच्या जागी होतं, एक कौल सरकलं नव्हतं, हे सांगायलाच हवं. दार बंद होतं. पण मागे जाऊन बघितलं, तर तिकडची भिंत डोंगराने आत ढकलली होती, आणि अव्वाच्या बाजेवर गुडघाभर लाल चिखल होता.

शांताने माझा दंड धरला, जरा जोरातच.

लुगडं भिजून इतकं आवळलं होतं की गाठ सुटेना. एक मूठ कोयत्याने मोकळी केली. दुसरीतलं मुसळ ओढून काढलं, पण तिच्यावरची गाठ अव्वाने तोडू दिली नाही. अजून तशीच आहे. भिंत मी पुन्हा बांधली, थोडी पुढे घेऊन. बाहेरून कडीही लावली. आता अव्वा लग्नाला येते, आणि आल्यावर सगळ्यांच्या आधी परत जायची घाई करते.

परवा रामनगरच्या रस्त्यावर नवा रिसॉर्ट बांधणारे एक साहेब आले होते. दारावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, चौकटीसकट द्या, फक्त ही चिंधी तेवढी काढून टाका... साठ हजार देतो.

चहा पाजला आणि नाही म्हटलं. साठ हजाराला.