विहिरीचा मालक

ज्यांचं नावही मी विचारलं नाही, त्यांच्याविषयी लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा.

मी कॉलेजला जायचो तेव्हा कळसाडीच्या बसथांब्यामागे ते शेतकरी रोज आपल्या कोरड्या विहिरीला कठडा बांधताना दिसत. चिंचा पाडायला शेतात शिरलेला एक मुलगा त्या उघड्या विहिरीत पडला होता. तो पुन्हा चालेल का, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

"काका, तो न विचारता शिरला. कायद्यानं तुमची चूक नसेलही," एकदा मी चाचरत म्हणालो.

थापीनं सिमेंट सारखं करत ते हसले. "कॉलेजवाला भाऊ, पोऱ्या चिंचा खावाले इचारीसन येस का? इहीर तं मन्ही शे."

पोरं काय विचारून येतात, आणि विहीर तर आपलीच आहे, एवढं सांगून ते पुढची वीट लावू लागले.

परवा तिथला एक मित्र भेटला, तेव्हा कळलं. मुलगा लंगडत का होईना, चालतो. त्याला रोज शाळेत सोडायला तेच काका मोटारसायकल काढतात.