भाऊंनी बाजू बदलली

नवरा गेला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. तो मालवाहू बोटीवर नोकरीला होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात जेवून उठताना छातीत कळ आली आणि तिथेच संपला. अकरा दिवसांनी मुंबईहून शववाहिका निघाली. ती हातखंब्याला वळल्यावर दिराचा फोन आला, "अर्ध्या तासात पोचतो, तयारी करा." ही तयारी माझी करायची होती. चुलतसासूने मला पडवीत बसवलं, माझे हात उंबऱ्यावर ठेवले आणि वरवंट्याने बांगड्या फोडल्या. मनगटातून थोडं रक्त आलं. दुखलं नाही. त्या दिवशी मला काहीच झालं नाही, आणि पुढेही बरीच वर्षं फारसं काही झालं नाही.

हे टळण्याची एक संधी येऊन गेली होती. त्याआधी तीनच महिने आमच्या ग्रामसभेत शाळेच्या बाईंनी एक ठराव मांडला होता, की गावात कुणी बाई विधवा झाली तर तिच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही आणि हळदीकुंकवाला तिला बोलवायचं. बाई घाटावरच्या. बोलणं सरळ आणि थोडं घाईचं. त्यांचं बोलणं संपलं तेव्हा सगळे भाऊंकडे बघायला लागले.

भाऊ म्हणजे गावातले मोठे बागायतदार, तेव्हा पंचायत समितीचे सदस्य. माझ्या नवऱ्याचे शाळेतले सोबती. ते उठले, टोपी काढून हातात घेतली आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या आयाबहिणींवर कुणी जबरदस्ती केलेली नाही. त्या आपल्या मनाने करतात. बाहेरून आलेल्या माणसाने आमच्या घरात डोकावू नये." टाळ्या पडल्या. ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं तेव्हा चार हात वर झाले. पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली.

मी मिरजोळ्याला एमआयडीसीत एका मासळीच्या कारखान्यात नोकरी धरली. ऑफिसात टपाल आणि हजेरी बघते. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. घरी सासूबाई आणि मी. लग्नाच्या पत्रिका यायच्या, मी जेवायच्या वेळेला जाऊन पाकीट देऊन यायचे. कुणी वाईट बोलत नसे. हळदीच्या ताटाजवळ गेले की ताट जरा सरकायचं, एवढंच.

मग बारा-तेरा वर्षांनी वारं फिरलं. या प्रथा बंद करा असं सरकारी परिपत्रक आलं, गावोगाव ठराव होऊ लागले, पेपरात फोटो येऊ लागले. आमच्याकडेही ठराव आला, आणि तो मांडला भाऊंनी. तोच हॉल, तीच सतरंजी. "आपल्या लेकीसुनांना आपण माणूस म्हणून वागवलं पाहिजे," असं ते म्हणाले, तेव्हाही टोपी हातात होती. सगळे हात वर झाले. माझाही झाला. बाहेर पडताना जाऊ म्हणाली, "बघ गो, शेवटी झालंच." मी हो म्हटलं.

यंदा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला भाऊ उभे राहिले. रविवारी दुपारी ते घरी आले, बरोबर कुणी नव्हतं. सासूबाईंच्या पाया पडले आणि पडवीत बसले. मी चहा ठेवला.

"वहिनी, शनिवारी महिलांचा मेळावा आहे," ते म्हणाले. "विधवा भगिनींचं हळदीकुंकू ठेवलंय. पहिला मान तुमचा. स्टेजवर बसायचं, बाकी काही करायचं नाही."

"मी नाही येणार."

"राग आहे?"

खरंच राग आहे का, ते मी आत शोधून पाहिलं. सापडला नाही. तरी विचारलं, "तुम्ही तेव्हा विरोध का केलात, आणि आता बाजूने कसे झालात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू? तेव्हा बाजूने बोललो असतो तर पडलो असतो. आता विरोधात बोललो तर पडेन."

"आणि तुमचं स्वतःचं मत काय?"

"ते आजवर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले आणि थोडं हसले. मी हसले नाही तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "एक बोलू? त्या दिवशी हात मी मोजले. चार होते. तुम्ही मागे भिंतीला टेकून बसला होतात, वहिनी. तुमचा हात त्यात नव्हता."

नव्हता. कुंकू लावलेली, हिरव्या बांगड्यांची, नवरा बोटीवर असलेली बाई होते मी. चार लोकांत कशाला वेगळं दिसायचं, असं वाटलं होतं. बाई बोलत होत्या तेव्हा मी जावेच्या कानाशी लागून त्यांच्या घाटी बोलण्यावर काहीतरी म्हटलंही होतं. काय, ते आता आठवत नाही. भाऊ गेल्यावर मी कप विसळले आणि दुसऱ्या दिवसासाठी तांदूळ निवडत बसले.

मेळाव्याला मी गेले नाही. पहिला मान दुसऱ्या कुणाला तरी मिळाला, फोटो मोबाइलवर आला.

त्यानंतर चार दिवसांनी आमच्या वाडीतला एक टेम्पोचालक हातखंब्याच्या अलीकडे अपघातात गेला. बायको सव्वीस वर्षांची, घर आमच्या घराला लागून. सकाळी मी कामावर निघाले होते, रडण्याचा आवाज आला म्हणून तशीच तिकडे गेले. घरापुढच्या खळ्यात माणसं जमली होती. ती ओटीच्या कोपऱ्यात बसली होती. रडत नव्हती. तिची आतेसासू वरवंटा मागत होती.

"गावाचा ठराव झालाय," मी म्हटलं.

"ठराव कागदावर," आतेसासू म्हणाली. "घरात आमचं चालतं."

मी बाहेर येऊन भाऊंना फोन लावला. का लावला, सांगता येत नाही. विश्वास होता म्हणून नव्हे. ते येणार नाहीत हे एकदा बघून घ्यावं, असंही असेल. पंधरा मिनिटांत मोटारसायकल आली. एकटे होते. चप्पल काढून सरळ ओटीवर चढले.

"हात लावायचा नाही तिला," ते म्हणाले. "गावाने ठरवलंय."

खळ्यातून वाडीचे मानकरी असलेले एक म्हातारे गावकर ओरडले, "सभेत तूच काय बोल्लास तवा? आमच्या घरात डोकावू नका म्हणालास ना? आता तू का डोकावतंस?"

भाऊ त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "बोललो होतो. चुकलं माझं."

शूटिंग करायला कुणी मोबाइल वर धरला नव्हता. पण मतदान आठ दिवसांवर होतं आणि खळ्यात आमची अर्धी वाडी उभी होती, त्यातली बरीचशी चिडलेली. ते मनातून बोलले की हिशेब करून, मी त्यांच्या तोंडाकडे बघूनही मला कळलं नाही. आतेसासू पुटपुटत आत गेली. प्रेत उचललं तेव्हा त्या मुलीच्या हातात बांगड्या होत्या. मी तिच्या शेजारी उभी होते. मला बरं वाटायला हवं होतं. फक्त ऑफिसला फोन करायचा राहिलाय, एवढंच डोक्यात येत राहिलं.

मतदानाला सासूबाईंना रिक्षाने घेऊन गेले. मी भाऊंचं बटण दाबलं. परतताना सासूबाईंनी विचारलं, "त्यालाच दिलंस?"

"हो."

"भरवसा आहे त्याच्यावर?"

"नाही."

भाऊ निवडून आले, पण आमच्या वाडीत त्यांना मागच्यापेक्षा कमी मतं पडली. त्या सकाळमुळे पडली असं लोक म्हणतात.

आता ती शेजारची मुलगी आमच्याच कारखान्यात पॅकिंगला लागली आहे. एसटीत माझ्या शेजारी बसते. परवा तिने विचारलं, "काकी, वारं परत फिरलं तर भाऊ परत तसंच बोलतील का हो?"

"बोलतील बहुतेक," मी म्हटलं.

"मग?"

पहिला ठराव मांडणाऱ्या शाळेच्या बाईंचा पत्ता कुणाकडे मिळेल, ते मी तिला विचारलं. तिचं माहेर गावातलंच, तिला बाई आठवत होत्या, चौथीला शिकवायला होत्या म्हणाली. पत्ता माहीत नव्हता. मग आमचा स्टॉप आला आणि आम्ही उतरलो.