आईच्या चवळीचं बियाणं

भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आमच्या बदलापूरच्या शेतात चवळी व्हायची. ती आईची. दाणेदार शेंगांचे वेल हेरून ती त्यांना जुन्या साडीची चिंधी बांधायची. त्या शेंगा बियाण्याच्या, कुणी तोडायच्या नाहीत. आई गेली त्या वर्षी चिंध्या बाबांनी बांधल्या, तिच्याच साडीच्या.

नेमका त्याच वेलांवर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर काळ्या किड्यांचा थर. बाबांनी आईसारखंच केलं. सकाळच्या दवात एकेक वेल हाताने झटकायचा आणि वर चुलीतली राख टाकायची. मावा दिसेनासा झाला, पण हिरवी पानं पिवळ्या ठिपक्यांनी भरली, चुरगळली.

मी अंबरनाथला राहतो, आनंदनगरच्या कारखान्यात कामाला. रविवारी गेलो, तर कृषी सहायक बांधावर उभे. म्हणाले, "काका, मावा रोगट पानात सोंड खुपसतो नि तीच शेजारच्या चांगल्या पानात. तेवढ्यात रोग पुढे गेला. झटकलात की तो मरत नाही, पुढच्या वेलावर जातो. आणि हा रोग बियांतूनही उतरतो. हे बी धरू नका."

"तिनं निवडलेल्या बियांना कसला रोग?" बाबा म्हणाले. मला त्या भल्या माणसाचाच राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतोच.

बाबांनी बी धरलंच. पुढच्या वर्षी रोपं वर आली तीच ठिपके घेऊन. मावा यायच्या आधीच. बाबा दोन दिवस शेताकडे फिरकले नाहीत. मग एकटेच गेले आणि सगळी रोपं उपटून जाळून आले. आईला अग्नी देताना ते रडले नव्हते. त्या दिवशी रडले, ओटीवर बसून, माझ्यासमोर. मी त्यांच्याजवळ बसलो.

डब्यात थोडं बी उरलं होतं. पेरायचं नाही आणि टाकवत नाही. बाबांनी ते भिजत घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः उसळ केली. तिखट जास्त झालं होतं. माझ्या ताटात त्यांनी पुन्हा पुन्हा वाढलं.

"खा पोटभर," ते म्हणाले. "आता काय ठेवायचं न्हाय."